कोळशाला पर्याय शोधणारा गिरणीमालक

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव घेतले की पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञान संस्था आणि ताजमहाल हॉटेल या तीन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. चौथी सहसा आठवत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवायचा, त्याला घाटाखाली सोडून वीज करायची आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही ती चौथी गोष्ट होय. मुंबईला रोजच्या रोज उपयोगी पडली ती हीच. नवी कोळशाची वीजकेंद्रे बांधावीत की ऊन-वारा-पाण्याची वीज साठवण्याची सोय करावी, यावर आज देशभर वाद चालू आहे. या वादातील साठवणुकीचा पेच मुंबईपुरता तरी शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो प्रथम हाती घेणाऱ्यांत एक गिरणीमालक होता.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी मात्र पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारासाठी आले आणि त्यांच्या पाठोपाठ मुलगाही आला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत रुजू झाले. पुढे हाँगकाँग आणि मग इंग्लंड असा व्यापारानिमित्त प्रवास घडला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या एका रात्रीत बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही त्याची जबर झळ बसली. त्या वेळी जमशेटजी इंग्लंडात होते. हाती राहिलेल्या हुंड्यांना किंमत उरली नव्हती आणि देणेकरी दारात उभे होते. सव्विसाव्या वर्षी मिळालेला हा धडा त्यांनी जन्मभर लक्षात ठेवला असावा. ज्या मालाचा भाव दूरच्या देशातील घडामोडींवर ठरतो त्यावर सगळी मदार ठेवू नये, असे त्यांच्या पुढच्या बहुतेक निर्णयांतून दिसते.

१८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढल्याच वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा असे नाव दिले आणि दोन वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. त्यानंतर लँकेशायरला जाऊन त्यांनी कापडधंद्याचा बारकाईने अभ्यास केला. लँकेशायरच्या भरभराटीमागे दमट हवा होती, यंत्रे होती, कुशल कामगार होते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गिरणीच्या जवळच कोळशाच्या खाणी होत्या. मुंबईचे नेमके उलटे होते. कापूस होता, बंदर होते, कामगार होते, भांडवलही होते. नव्हता तो कोळसा. तो बंगालच्या खाणींतून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून यायचा, नाहीतर थेट परदेशांतून जहाजाने यायचा. गिरणीच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा झालेला असे.

म्हणूनच स्वतःची मोठी गिरणी काढताना जमशेटजींनी मुंबईचा मोह टाळला. मुंबईबाहेर जाणे हा त्या काळी वेडेपणा समजला जाई. जमशेटजींनी नागपूर निवडले. भोवती कापसाचा प्रदेश, रेल्वेची सोय, मालाला गिऱ्हाईक आणि जवळच वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी. १८७४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती. ती भरून काढण्याचा खर्च पाहून, हा पारशी जमिनीत सोने पुरतो आहे, असे एका स्थानिक सावकाराचे मत झाले होते, अशी आख्यायिका आहे. पुढे गिरणीने दिलेले लाभांश पाहून त्या सावकाराला आपले मत बदलावे लागले म्हणतात. बेझनजी दादाभाई मेहता यांच्यासारखा व्यवस्थापक, रिंग पद्धतीच्या चात्या, हवा दमट ठेवणारी यंत्रणा, आग विझविण्याची व्यवस्था, कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी अशा कितीतरी गोष्टींत ही गिरणी इतरांच्या पुढे होती.

तेव्हा जमशेटजी काही कोळशाचे वैरी नव्हते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. आजच्या पर्यावरणवादाचा अंगरखा त्यांना चढविणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कल्पनेने त्यांना झपाटले. पोलादासाठी कोळसा हवाच. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नाही असे आढळले, खाणकामाच्या परवान्याचे सरकारी नियमही जाचक होते, म्हणून तो विचार वीस वर्षे मागे पडला; सोडला मात्र नाही. कर्झनच्या कारकिर्दीत नियम सैल होताच त्यांनी पुन्हा उचल खाल्ली आणि १९०२ मध्ये वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी अमेरिकेत जाऊन तंत्रज्ञ गाठले. अवजड लोखंड वितळविण्यासाठी कोळसा लागतो, चाती फिरविण्यासाठी तो लागलाच पाहिजे असे नाही, एवढाच विवेक त्यांच्यापाशी होता. तो त्या काळी फार थोड्यांपाशी होता.

पाण्यापासून वीज ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी असली तरी अनोखी नव्हती. अमेरिकेतील नायगारा धबधब्याची वीज १८९६ मध्ये बफेलो शहरापर्यंत पोचली होती. आपल्याकडे दार्जिलिंगला १८९७ मध्ये लहानसे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पाठविली. ही उदाहरणे लोणावळ्याच्या योजनेपुढे ठेवली की एक फरक लगेच ध्यानात येतो. नायगारा बारमाही आहे, कावेरीलाही वर्षभर कमीजास्त पाणी असते. तिथे नदी वाहते आहे, तिच्या वाटेत चक्र बसवायचे एवढेच काम. लोणावळ्याला अशी नदीच नाही. तिथे असतो तो पाऊस. दीडशे इंचांहून अधिक, पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होणारा. उरलेले आठ महिने ओढे कोरडे. गिरण्या मात्र बारा महिने चालतात.

सूर्य रात्री नसतो आणि वारा मनात येईल तेव्हा पडतो, म्हणून त्यांच्या भरवशावर कारखाने चालणार नाहीत, असा आक्षेप आज अपारंपरिक ऊर्जेवर घेतला जातो. लोणावळ्याच्या पावसावरचा आक्षेप याच जातीचा होता आणि तो रास्तही होता. तेव्हा पाण्यात शक्ती किती हा प्रश्नच नव्हता. ती कुणालाही दिसत होती. चार महिन्यांची शक्ती बारा महिन्यांना पुरवायची कशी, हा खरा पेच होता. डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतील वास्तुतज्ज्ञाने लोणावळा-खंडाळ्याच्या परिसराकडे जमशेटजींचे लक्ष वेधले. जॉयनर या अभियंत्याने त्या भागातील पावसाची मोजणी आणि तलावांच्या जागांची पाहणी चिकाटीने केली. अशा पाहणीला घाई चालत नाही. एका चांगल्या पावसाळ्याच्या आकड्यांवर धरण बांधले आणि पुढे दोन वर्षे पाऊस ओढला तर शहराचे दिवे विझणार. किमान किती पाऊस पडतो ते कळल्याखेरीज तलाव केवढा हवा ते ठरत नाही.

उत्तर सापडले ते सह्याद्रीच्या रचनेत. घाटमाथ्यावरचे हे पाणी एरवी पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. तेच माथ्यावर अडवून पश्चिमेकडे वळविले तर काही किलोमीटरच्या आत ते सतराशे फुटांहून अधिक खाली, खोपोलीला, कोसळते. एवढ्या उंचीवरून पडणारे हजार लिटर पाणी साधारण सव्वा युनिट वीज देते. म्हणजे तुलनेने थोडे पाणीही पुष्कळ काम करते, आणि साठवणारा तलाव अवाढव्य असण्याची गरज उरत नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव, त्यांतून कालव्याने खंडाळ्यापर्यंत आणि तिथून पोलादी नळांनी खोपोलीच्या चक्रांवर, अशी ती आखणी होती. वापरून झालेले पाणी पाताळगंगेत सोडायचे. आजच्या भाषेत तलाव म्हणजे विद्युतघट, पावसाळा म्हणजे तो भरण्याचा हंगाम.

जमशेटजींच्या अखेरच्या वर्षांत या योजनेबरोबर इतर कितीतरी कामे चालू होती. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा देऊ केला होता आणि सरकारदरबारी खेटे घालणे चालू होते. पोलादाच्या जागेचा शोध सुरू होता. अपोलो बंदरावरचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या मुंबईच्या पहिल्या इमारतींत त्याची गणना होते, आणि ती वीज हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रांवर तयार होई. शहराला वीज पुरविणारी पुरेशी यंत्रणाच नव्हती, त्याला इलाज काय? मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. प्रकृती ढासळलेली असताना जमशेटजी उपचारासाठी जर्मनीत गेले आणि १९ मे १९०४ रोजी बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडातील ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्या दिवशी पोलादाचा एक तुकडा तयार झाला नव्हता, विज्ञान संस्थेची एक वीट बसली नव्हती आणि घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वीसारखाच वाहून जात होता.

आयुष्यातील मोठी कामे मृत्यूनंतर पुरी होणे हे जमशेटजींचे वेगळेपण म्हणावे लागेल. पुत्र दोराबजी आणि विश्वासू सहकारी बर्जोरजी पादशहा यांनी योजना पुढे नेली. लंडनच्या धनिकांनी भांडवलाबाबत हात आखडता घेतला. मुंबईचा गव्हर्नर सिडनहॅम याने पाठबळ दिले, सर सॅसून डेव्हिड यांच्यासारखे गिरणीमालक पुढे झाले, संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी भाग घेतले, आणि नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. गिरणीमालकांची मने वळविणे सोपे नव्हते. वाफेचे इंजिन दारात उभे होते, त्याची किंमत वसूल झालेली होती. ते मोडीत काढून सत्तर किलोमीटर दूरच्या अदृश्य शक्तीवर मागाचा आणि चातीचा भरवसा ठेवायचा, हा साधा सौदा नव्हता. तरीही हिशेब वीज कंपनीच्या बाजूने होता. तलाव आणि नळ यांवर एकदा पैसा ओतला की पुढे पावसाचे बिल येत नाही. कोळशाचे मात्र दर महिन्याला येते. अपारंपरिक ऊर्जेचे अर्थकारण आजही असेच चालते. सगळा खर्च आरंभी, आणि तो करायला कर्ज किती व्याजाने मिळते यावर सारे अवलंबून.

८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज एक लाख व्होल्ट दाबाच्या तारांवरून परळला पोचली. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. जहाजे युद्धकामी गेली, कोळशाची टंचाई झाली. इंजिने सोडून विजेकडे वळलेल्या गिरण्यांना या दूरदृष्टीचे मोल त्या चार वर्षांत कळले असेल. धुराचा त्रास तर एवढा वाढला होता की १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा कायदा करावा लागला होता. मागणी वाढत गेली, तशी आंध्रा नदीच्या खोऱ्यातील ठोकरवाडी धरण आणि भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये, आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा केंद्र १९२७ मध्ये उभे राहिले.

मुळशीपाशी मात्र या यशोगाथेला वेगळे वळण लागते, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. साठवण म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे तिच्यावर राहणारी माणसे. नीळा-मुळेच्या संगमावरील धरणात पन्नासहून अधिक गावांची भातखाचरे, घरे आणि देवळे जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा खासगी कंपनीसाठी वापरला. मावळे शेतकऱ्यांना भरपाई नको, जमीन हवी होती. १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले. शेतकरी, बायका तुरुंगात गेल्या. पुढे भरपाई घ्यावी की नाही यावरून चळवळीत फूट पडली. जमिनींवर ज्यांचे कर्ज होते त्या सावकारांचे हित आणि कसणाऱ्यांचे हित एक नव्हते. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वेगाडी अडवून सशस्त्र प्रतिकार केला, त्यांना दीर्घ कारावास झाला आणि लढा संपला. धरण झाले, गावे गेली.

जमशेटजी हयात असते तर त्यांनी काय केले असते, या तर्कात अर्थ नाही. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा विचार इतरांच्या आधी करणाऱ्या माणसाच्या नावाची कंपनी मावळातल्या शेतकऱ्यांपुढे पोलीस घेऊन उभी राहिली, एवढे तथ्य नोंदविले पाहिजे. मुंबईच्या धुराचा भार उतरला तो मुळशीच्या खांद्यावर गेला. कोळशाचा भार झरियाच्या खाणकामगारांवर आणि वीजकेंद्राच्या राखेखाली राहणाऱ्यांवर पडतो, हेही तितकेच खरे. पण एकाचे दुःख दाखवून दुसऱ्याचे झाकता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईची भूक तलावांच्या आवाक्याबाहेर गेली. १९५६ मध्ये टाटांनीच तुर्भ्याला औष्णिक केंद्र सुरू केले, पुढे तिथे कोळशाचे मोठे संच आले, आणि २०१२-१३ पर्यंत याच समूहाने गुजरातेत मुंद्रा येथे चार हजार मेगावॉटचे आयात कोळशावरचे केंद्र उभारले. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलताच त्या केंद्राचा हिशेब कोलमडला आणि वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांत वाद चालले. दूरच्या देशातील भावावर मदार ठेवण्याचा १८६५ चा धडा घराण्यात पुन्हा गिरवावा लागला, असे कुणी म्हटले तर ते वावगे ठरू नये.

खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही केंद्रे आजही चालू आहेत. त्यांची एकत्रित क्षमता साडेचारशे मेगावॉटच्या आसपास, आणि उन्हाळ्यात मुंबईची मागणी चार हजारांच्या घरात. आकडा किरकोळ वाटतो, पण उपयोग तसा नाही. कोळशाचे केंद्र थंड पडले की पुन्हा पेटवायला तासन् तास लागतात. पाण्याचे चक्र काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरते. संध्याकाळी दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात तेव्हा किंवा राष्ट्रीय जाळ्यात बिघाड होतो तेव्हा मुंबईला पहिला हात हे तलाव देतात. १९९० च्या दशकात भिरा येथे दीडशे मेगावॉटचा उदंचन संच बसला. मागणी कमी असताना जादा विजेने पाणी पुन्हा वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. या फेऱ्यात वीज सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा गमावते. पण दुपारी सौर वीज फुकट जात असेल आणि रात्री तिचीच गरज असेल, तर ही गळती सोसण्यासारखी असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात दोन मोठ्या उदंचन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. शिरवता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉट, अपेक्षित खर्च सुमारे तेरा हजार कोटी रुपये. भिवपुरी हे १९२२ पासूनचे केंद्र, तर शिरवता म्हणजे १९११ च्या मूळ आराखड्यातील तीन तलावांपैकी एक. दरम्यान भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांकडून, घाटापलीकडे वळविलेले हे पाणी पूर्वेला परत द्यावे, अशी मागणी जोर धरते आहे. उदंचनात तेच पाणी वर-खाली फिरते, दरवर्षी नवे पाणी समुद्राकडे सोडावे लागत नाही. त्यामुळे वीज आणि पिण्याचे पाणी यांचा तंटा थोडा सैल होऊ शकेल. मात्र मूळच्या तलावांतून रोज खोपोली, भिवपुरी आणि भिऱ्याला उतरणारे पाणी किती कमी करायचे, हे ठरायचे आहे.